सुट्या स्क्रिप्टांचे भांडार

संगणकाचा इतिहास सांगू लागले की बहुतेक वक्ते यंत्रांचाच इतिहास सांगतात. खोलीभर पसरलेले यंत्र कपाटाएवढे कसे झाले, कपाटाची पेटी कशी झाली आणि ती पेटी माणसाच्या खिशात कशी येऊन बसली, ही कथा मनोरम आहे खरी. पण यंत्राला सांगावयाचे काय, आणि एकाने शोधून काढलेले ते सांगणे दुसऱ्याच्या हाती पोचावयाचे कसे, हा इतिहास मला त्याहून अधिक बोधक वाटतो. आज त्यातला एक लहानसा तुकडा मी निवडला आहे. पर्ल नावाची एक संगणकभाषा आहे. त्या भाषेतल्या लहान लहान सुट्या आज्ञावल्या लोकांनी एकमेकांना कशा दिल्या, त्यांच्यासाठी भांडार कसे उभे राहिले, आणि त्या भांडारात इतरांना मानाचे पान मिळत असता सुटी आज्ञावली मात्र दाराशीच का ताटकळली, एवढाच आजचा विषय.

आरंभी दोन शब्दांचा उलगडा करून ठेवला पाहिजे, नाहीतर पुढे घोटाळा होईल. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे बहुधा एका फाइलीत मावणारी, स्वतःच्या पायांवर चालणारी आज्ञावली. शंभर फाइलींची नावे बदलून द्या, नोंदवहीतल्या चुकीच्या ओळी निवडून काढा, असले एकेक काम ती करते आणि मोकळी होते. ‘मॉड्यूल’ हे स्वतः चालत नाही. दुसऱ्या आज्ञावलीने त्याला कामाला लावावयाचे असते. स्क्रिप्ट म्हणजे तयार विळी म्हणा आणि मॉड्यूल म्हणजे लोहाराने घडवून ठेवलेले पाते म्हणा. घरात विळीच लागते, पण लोहाराच्या दुकानात मान असतो तो पात्याला. हा मानापमान पुढे आपल्या कथेत फार उपयोगी पडणार आहे.

पर्ल भाषेचा कर्ता लॅरी वॉल हा अमेरिकन गृहस्थ मूळचा भाषाशास्त्राचा अभ्यासक. अक्षरओळख नसलेल्या एखाद्या बोलीला लिपी द्यावी अशी त्याची आणि त्याच्या पत्नीची एके काळी इच्छा होती; ती राहिली, आणि त्याने संगणकाला एक भाषा दिली. युनिसिस या कंपनीत नोकरीला असताना, ठिकठिकाणी साठलेल्या मजकुरातून हवे ते वेचून अहवाल तयार करण्याचे काम त्याच्यापुढे आले. हाताशी असलेली साधने तोकडी पडली, म्हणून त्याने स्वतःच एक साधन रचले आणि 18 डिसेंबर 1987 रोजी पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रसिद्ध केली म्हणजे विकायला काढली असे नव्हे. मूळ मजकुरासह ती सर्वांना मोकळी करून दिली.

त्या काळी आजचे वेब अस्तित्वात नव्हते. यूझनेट नावाचे एक जाळे होते. त्यावर निरनिराळ्या विषयांचे गट असत आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर, टपालाच्या थैलीसारखा मजकूर सरकत जाई. त्या जाळ्यातून फक्त साधा मजकूर जाई, आणि एका पत्राच्या लांबीलाही मर्यादा असे. मग दहा फाइलींची आज्ञावली पाठवावयाची कशी? यावर काढलेली युक्ती मोठी नामी होती. त्या दहाही फाइली एका मजकुरात गुंफावयाच्या आणि त्या मजकुराच्या डोक्यावरच त्या सुट्या करण्याच्या आज्ञा लिहावयाच्या. पत्र ज्याच्या हाती पडेल त्याने ते चालविले की गाठोडे आपले आपणच सुटे. याला ‘शार’ म्हणत. गाठोडे लांबले तर त्याचे भाग पाडून ‘पाचातला दुसरा’, ‘पाचातला तिसरा’ असे क्रमांक घालून पाठवीत, आणि एखादा भाग वाटेत गहाळ झाला तर वाचक हळहळत बसत. आपल्या विषयाचा खरा आरंभ मी येथे धरतो. वस्तू आणि ती उघडण्याची रीत एकाच कागदावर लिहिणे, हीच बांधणीची पहिली कल्पना होय.

दिलेली वस्तू पोचली तरी ती टिकत नसे, ही खरी अडचण होती. यूझनेटवरचा मजकूर काही दिवसांनी पुसला जाई. ज्याला एखादी स्क्रिप्ट आवडली तो ती आपल्या संगणकावर ठेवी, आणि उदार असला तर आपल्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर सर्वांसाठी मांडी. अशी लहानमोठी संग्रहस्थाने देशोदेशी निर्माण झाली. कोठे काय आहे हे माहीतगारालाच ठाऊक. एकाच स्क्रिप्टच्या तीन प्रती तीन ठिकाणी, तिन्हींत थोडाथोडा फरक, आणि कोणती अलीकडची हे सांगणारा कोणी नाही! ज्यांनी जुन्या पोथ्यांचे पाठभेद चाळले आहेत त्यांना हे दुःख नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून शके 1506 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे श्रम एकनाथांना का घ्यावे लागले, हे आपण जाणतोच. पोथीला ते दिवस यायला पावणेतीनशे-तीनशे वर्षे लागली. पर्लच्या स्क्रिप्टांना पाच-सहा वर्षे पुरली.

तेव्हा हे विखुरलेले संग्रह एका रचनेत आणावे असा विचार 1993 साली पर्लच्या जाणत्या मंडळींत सुरू झाला. त्यांच्यापुढे एक नमुना तयार होता. टेक् नावाच्या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेचे उपासक नुकतेच आपले संग्रह एकत्र करून बसले होते. त्या संग्रहाला सीटॅन म्हणत. त्याच धर्तीवर पर्लच्या भांडाराचे नाव सीपॅन ठरले. त्याचा व्यवस्थित विस्तार म्हणजे ‘पर्लच्या सर्वसंग्राहक भांडारांचे जाळे’. फिनलंडमधील यार्को हिएतानिएमी याने ग्रंथपालाचे काम अंगावर घेतले, आणि ऑक्टोबर 1995 मध्ये भांडार लोकांसाठी उघडले. त्याचे मूळ ठाणे फिनलंडच्या विद्यापीठांच्या जाळ्यावरचा फुनेट हा सर्व्हर. 1991 साली लिनक्सचे पहिले रूप जगाला मिळाले तेही याच सर्व्हरवरून, हे जाता जाता सांगतो. थंडीच्या त्या देशातील एका सर्व्हरने जगाची किती कोठारे सांभाळली याची नोंद कोणी स्वतंत्रपणे केली पाहिजे.

भांडाराच्या रचनेतल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, ते एका ठिकाणी नव्हते. मूळ ठाण्याच्या हुबेहूब प्रती देशोदेशीच्या संस्था आपल्या खर्चाने ठेवीत. एक बंद पडली तरी दुसरी असे. दुसरी, माल आत येण्याचे दार एकच होते. जर्मनीतील आंद्रेआस क्योनिग याने त्यासाठी ‘पॉज’ नावाचा सर्व्हर उभारला. लेखकाने तेथे नाव नोंदवावयाचे, त्याला एक लहानसे सांकेतिक नाव मिळावयाचे, आणि त्याचा सारा माल त्या नावाच्या कप्प्यात जावयाचा. एकदा चढविलेल्या फाइलीवर त्याच नावाची दुसरी फाइल ठेवता येत नाही. सुधारणा केली तर नवा आवृत्तिक्रमांक घातलाच पाहिजे. वरवर पाहता हा कारकुनी नियम दिसतो. वस्तुतः पाठभेदाच्या रोगावर याच नियमाने औषध दिले. तिसरी गोष्ट, या भांडारातून काढून टाकलेल्या मालाचीही प्रत ‘बॅकपॅन’ नावाच्या अडगळीच्या खोलीत जपून ठेवण्यात आली. तिची किंमत सहज लक्षात येत नाही. मार्च 2016 मध्ये जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेच्या भांडारातून एका लेखकाने रागाच्या भरात आपला माल काढून घेतला. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची एक चीज होती, आणि तिच्यावाचून हजारो ठिकाणची कामे खोळंबली. अखेर भांडाराच्या चालकांना ती पुन्हा जागेवर आणून ठेवावी लागली.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. सीपॅन उघडले तेव्हा त्यात मॉड्यूलांची दालने होती तसे ‘स्क्रिप्टा’ असे एक स्वतंत्र दालनही होते. त्यात आपली स्क्रिप्ट लागावी असे वाटणाऱ्याने काही पथ्ये पाळावयाची होती. पर्लच्या पाचव्या आवृत्तीत (1994) आज्ञावलीच्या फाइलीतच तिची माहितीही साध्या मजकुरात लिहिण्याची सोय झाली होती. त्या सोयीचा उपयोग करून लेखकाने ठराविक मथळ्यांखाली स्क्रिप्टचे नाव, थोडक्यात वर्णन, तिला आधी कोणती मॉड्यूले लागतात, कोणत्या यंत्रव्यवस्थेवर ती चालते आणि कोणत्या वर्गात तिला बसवावे, हे सारे त्याच फाइलीत लिहावयाचे. म्हणजे वेगळी पेटी नको, वेगळे पत्रक नको. वस्तूच आपली ओळख अंगावर घेऊन हिंडणार. यूझनेटच्या गाठोड्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल. कल्पना सुटसुटीत होती, सुबक होती. तरीही हे दालन मॉड्यूलांच्या मानाने अगदीच लहान राहिले. सीपॅनमधील मॉड्यूले आज दोन लाखांवर गेली आहेत आणि त्यांच्या लेखकांची संख्या चौदा हजारांच्या पुढे आहे. स्क्रिप्टांच्या दालनाला असे वैभव कधी लाभले नाही.

असे का व्हावे? लोकांना स्क्रिप्टा नको होत्या असे मुळीच नाही. कारण मला भांडाराच्या सूचीत दिसते. पॉज ही सूची तयार करते ती आज्ञावलीच्या आत ‘पॅकेज’ या शब्दाने जाहीर केलेल्या नावावरून. मॉड्यूलाला असे नाव असतेच. सुट्या स्क्रिप्टला ते बहुधा नसते, कारण तिला त्याची गरजच नसते. पण सूचीत नाव नाही म्हणजे काय होते पाहा. सीपॅनमधून माल आणून देणारा जो आपोआप चालणारा हरकाम्या आहे, त्याला मॉड्यूलाचे नाव सांगितले की तो सूची पाहतो, माल आणतो, त्याला आणखी काय लागते ते वाचून तेही आणतो, सारे तपासतो आणि जागच्या जागी बसवितो. सुट्या स्क्रिप्टचे नाव सांगितले तर त्याला ती सापडतच नाही. ती स्वतः जाऊन शोधा, उतरवून घ्या, तिला लागणारी मॉड्यूले तिच्या अंगावर वाचून एकेक आणा, आणि पहिली ओळ हाताने दुरुस्त करा. पर्ल आपल्या संगणकात नेमके कोठे राहते हे त्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते, आणि लेखकाच्या घरचा पत्ता आपल्या घरी चालत नाही. स्क्रिप्टच्या अंगावरची माहिती माणसाला वाचता येत होती; हरकाम्याला तिचा उपयोग नव्हता. सभ्य भाषेत सांगायचे तर भांडाराने स्क्रिप्टला जागा दिली, पण नोकरचाकर दिले नाहीत.

या भांडाराच्या बाहेर काय चालले होते तेही पाहिले पाहिजे, म्हणजे यात पणाला काय लागले होते ते कळेल. 1995 च्या सुमारास वेब झपाट्याने पसरू लागले. ज्याने त्याने आपले पान मांडले, आणि पानावर अभिप्रायाचा रकाना हवा, पाहुण्यांची वही हवी, असे प्रत्येकाला वाटू लागले. हे काम पर्लच्या स्क्रिप्टांनी होई. मॅट राइट नावाच्या एका शाळकरी वयाच्या अमेरिकन मुलाने त्या वर्षी अशा स्क्रिप्टांचा संग्रह वेबवर खुला केला. समजायला सोप्या, उतरवून घ्यायला सोप्या, फुकट. त्या अमाप पसरल्या. त्यांतली ‘फॉर्ममेल’ नावाची स्क्रिप्ट पानावरचा भरलेला अर्ज विजेच्या टपालाने मालकाकडे पाठवी. पण पत्र कोणाला पाठवावयाचे हा पत्ता पानातच लिहिलेला असे, आणि स्क्रिप्ट त्यावर विश्वास ठेवी. तो पत्ता बदलून कोणीही उपटसुंभ दुसऱ्याच्या सर्व्हरवरून हव्या त्या माणसाला हवी तितकी पत्रे पाठवू शकत असे. जाहिरातबाजांना हे कळायला वेळ लागला नाही. पुढे दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. पण ज्यांनी जुनी प्रत एकदा उतरवून घेऊन ठेवली होती, त्यांना दुरुस्तीची वार्ता कोण देणार? प्रत एकदा घरी आली की मूळ माणसाशी तिचा संबंध तुटलेला.

मॅट राइटला दोष देण्याची त्या काळी पर्लच्या पंडितांत फॅशन होती, आणि त्यांतले काही बोलणे मला अनुदार वाटते. या मुलाने लोकांना हवी होती ती वस्तू, हवी होती त्या वेळी, समजेल अशा भाषेत दिली. पंडितांच्या भांडारात त्याहून शहाणी मॉड्यूले तेव्हाही होती. पण ज्याला फक्त आपल्या पानावर अर्ज मांडावयाचा आहे त्या दुकानदाराला मॉड्यूल घेऊन काय करावयाचे? त्याला विळी हवी होती आणि भांडारवाले पाती दाखवीत होते. हे पुढे लंडनच्या पर्लमंडळातील लोकांच्या ध्यानात आले, ही त्यांची थोरवी. 2001 साली त्यांनी ‘एनएमएस’ नावाचा उपक्रम काढला. मॅटच्या प्रत्येक स्क्रिप्टची सुरक्षित प्रतिकृती त्यांनी रचली. बाहेरून तीच, तिच्या मांडणीची नावेही तीच, म्हणजे जुनी काढून नवी ठेवताना दुकानदाराला काही नवे शिकावे लागू नये. आणि स्वतः मॅट राइटने आपल्या पानावर त्यांची शिफारस केली. विद्वानांच्या जगात असा प्रसंग विरळा.

इकडे भांडारात स्क्रिप्टवाल्यांनी कोंडीतून वाट काढली ती वेषांतराची. स्क्रिप्टला सूचीत नाव मिळत नाही ना? मग तिच्यासोबत मॉड्यूलाचा एक पातळ अंगरखा शिवावयाचा, त्यावर ‘अ‍ॅप’ या घराण्याचे नाव घालावयाचे, आणि गाठोडे मॉड्यूल म्हणून भांडारात पाठवावयाचे. गाठोड्यातल्या बांधणीच्या फाइलीत अमुक फाइल ही चालविण्याची आहे एवढे सांगितले की हरकाम्या ती योग्य जागी ठेवतो, पहिल्या ओळीतला पत्ता त्या घराचा करतो, लागणारी मॉड्यूले आणतो. अँडी लेस्टर याचे मजकूर शोधण्याचे ‘अ‍ॅक’ हे साधन पुष्कळांच्या परिचयाचे आहे. वापरणारा ‘अ‍ॅक’ एवढेच टंकतो, पण भांडारात त्याचे नाव ‘अ‍ॅप::अ‍ॅक’ असे आहे. व्यवहारातले नाव वेगळे आणि पत्रिकेतले वेगळे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही.

या वेषांतराने आणखी एक लाभ झाला, आणि माझ्या मते तोच मोठा. मॉड्यूल म्हणून गाठोडे आले की त्यात चाचण्या ठेवण्याची रूढी पाळली जाऊ लागली. 1998 पासून सीपॅनच्या मालाची तपासणी करणारे स्वयंसेवकांचे एक मंडळ काम करीत आले आहे. नवा माल येताच निरनिराळ्या यंत्रांवर, पर्लच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर ते त्यातल्या चाचण्या चालवितात आणि निकाल उघड मांडतात. स्वतःच्या घरी एकच संगणक असलेल्या माणसाने रात्री लिहिलेली स्क्रिप्ट सकाळपर्यंत त्याने कधी न पाहिलेल्या यंत्रांवर तपासून होते, आणि त्याची चूक अनोळखी माणूस त्याला कळवितो. स्क्रिप्ट सुटी होती तोवर तिला चाचण्या लिहिणेही अवघड, कारण फाइल उघडली की ती चालू लागावयाची. त्यावर ब्रायन डी फॉय या लेखकाने ‘मॉड्युलिनो’ या नावाने एक रचना रूढ केली. फाइल स्वतः चालविली तर ती स्क्रिप्टसारखी वागते, आणि दुसऱ्याने बोलाविली तर मॉड्यूलासारखी मुकाट्याने उभी राहते. विळीचे पाते काढून धार पाहता यावी तशी ही सोय आहे.

याच गृहस्थाच्या हाती पुढे एक जुना वारसा आला. 1999 साली टॉम क्रिश्चन्सन याने असा संकल्प सोडला होता की, युनिक्स व्यवस्थेतील नित्याच्या आज्ञा, म्हणजे फाइल दाखविणे, ओळी मोजणे, क्रम लावणे वगैरे, पर्लमध्ये नव्याने लिहावयाच्या, म्हणजे जेथे त्या नाहीत अशा यंत्रावरही पर्ल असले की त्या मिळाव्यात. अनेकांनी एकेक आज्ञा वाटून घेतली. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक स्वतंत्र स्क्रिप्ट, प्रत्येकीचा कर्ता वेगळा. उत्साह ओसरला तसे काम थंडावले. असले सार्वजनिक संकल्प कसे थंडावतात हे व्याख्यानमाला चालविणाऱ्यांना मी सांगावयास नको. पण त्या स्क्रिप्टा एका गाठोड्यात, सीपॅनच्या रीतीने बांधल्या गेल्या आणि ‘पर्लपॉवरटूल्स’ या नावाने डी फॉय यांच्या देखरेखीखाली त्यांची दुरुस्ती पुन्हा सुरू झाली. मूळ लेखकांपैकी कित्येक कधीच दुसऱ्या वाटांनी गेले होते. पॉजच्या दफ्तरात तर यासाठी काही काल्पनिक माणसांची नावेच आहेत: एकाचा अर्थ ‘मला दत्तक घ्या’, दुसऱ्याचा ‘हवाली करावयाचे आहे’, तिसऱ्याचा ‘मदत हवी’. ज्या मालाला वाली उरला नाही, किंवा ज्याचा वाली थकला आहे, त्याच्यापुढे ही नावे लागतात. दत्तकविधानाची इतकी सरळ सोय मी दुसऱ्या कोठल्या कचेरीत पाहिलेली नाही.

इतके झाल्यावर चक्र पुन्हा फिरले. गाठोडी मोठी झाली, एकाला दहा मॉड्यूले लागू लागली, आणि नव्या माणसाला ती जमविण्याचा कंटाळा येऊ लागला. 2010 मध्ये तात्सुहिको मियागावा या जपानी कारागिराने ‘सीपॅनमायनस’ हा नवा, मितभाषी हरकाम्या आणला. भांडारात तो अ‍ॅप-घराण्याच्या नावानेच आहे. पण तो आधीच हाताशी असल्याखेरीज भांडारातून आणावयाचा कसा, हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न होता. म्हणून त्याला लागणारी सारी मॉड्यूले एकाच फाइलीत कोंबून, एक सुटी स्क्रिप्ट म्हणूनही तो दिला जातो. कोंबण्याच्या या साधनाचे नावही ‘फॅटपॅकर’, म्हणजे लठ्ठ गाठोडे बांधणारा. लोक ती स्क्रिप्ट वेबवरून उतरवून थेट चालवितात, म्हणजे मॅट राइटच्या ग्राहकांनी केले त्याहून फारसे निराळे नाही. फरक एवढाच की तिच्यामागे क्रमांक आहे, चाचण्या आहेत आणि नाव लावणारा धनी आहे.

आणि ज्या दालनाची उपेक्षा झाली त्याची कल्पना? ती दुसऱ्या घरी जन्माला आली. पायथन भाषेच्या मंडळींनी 2023 साली एक प्रस्ताव मांडला आणि पुढे तो स्वीकारला. त्याचा क्रमांक 723. सुट्या स्क्रिप्टच्या आतच, टिपणाच्या रूपात, तिला पायथनची कोणती आवृत्ती आणि कोणती पॅकेजे लागतात ते लिहावयाचे, एवढाच त्याचा आशय. सीपॅनच्या स्क्रिप्ट-दालनाने जे मथळे लिहावयास सांगितले होते, त्यांतल्या ‘काय लागते’ या मथळ्याचीच ही आठवण. मात्र या वेळी ते टिपण हरकाम्याला वाचता येते: स्क्रिप्ट चालवा म्हटले की तो आधी ते वाचतो, लागेल ते आणतो, आणि मग तिला चालू देतो.